मदत हवी आहे: आमच्या एचओएत (घरमालकांच्या संघटनेत) कोरमच (किमान लागणारी मतसंख्या) होत नाही (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,
आमची १२० घरांची वसाहत. बोर्ड पाच जणांचं. एकाने घर विकलं, एकीने राजीनामा दिला, उरले तिघे. त्यातल्या दोघांची मुदतही संपली आहे, पण नवे निवडून येईपर्यंत तेच खुर्चीत. निवडणूक घेतली तर कोरमला ६० मतं लागतात, आली ४१. शिवाय काही बाद! मतपत्रिका आतल्या पाकिटात बरोबर, पण बाहेरच्या पाकिटावर घरमालकाची सहीच नाही.

२०२४ पासूनच्या नियमानुसार कोरम हुकला तर किमान २० दिवसांनी सभा पुन्हा भरवता येते आणि तेव्हा २० टक्के, म्हणजे आमच्याकडे २४ मतं पुरतात, हे वाचलंय. पण आमच्या निवडणुकीच्या नोटिशीत तसा उल्लेखच नव्हता. मग आता सगळं पहिल्यापासून करायचं का?

दुसरं म्हणजे, अध्यक्ष म्हणतात, "रिकाम्या जागा आम्ही तिघे भरू." राजीनाम्याची आणि घर विकलेल्याची जागा बोर्डाने भरणं समजू शकतो. पण मुदत संपलेल्या दोघांनी एकमेकांना पुन्हा नेमायचं? हे काही पटत नाही. घरचंच कार्य, अन् आहेरही घरातच!

कॅलिफोर्नियात कुणी बोर्डावर आहे का? तुमच्याकडे काय केलंत? वकिलाकडे जायच्या आधी बायलॉजमध्ये (संघटनेच्या नियमावलीत) नेमकं काय तपासू? आणि शेजाऱ्यांकडून ती पाकिटं वेळेत, सहीसकट कशी परत मिळवता, तेही सांगा.