आयटीआय इलेक्ट्रिशियन: दोन वर्षांत काय गेलं, काय आलं?

माझ्या भावाचा मुलगा यंदा दहावी झाला. घरी तीन एकर कोरडवाहू, कपाशी-तूर. त्याला आयटीआयचा दोन वर्षांचा विजतंत्री ट्रेड करायचाय. भाऊ म्हणतो, "दोन वर्षं बसवून खाऊ घालायचं, अन् मग पुन्हा नोकरीची बोंब." खेड्यातून हा ट्रेड केलेल्यांनी आपापला हिशोब लिहावा. आकडे लिहा. सल्ले देणारे घरी पुष्कळ आहेत.

मोर्शी तालुका, मोटार वाइंडिंगचं दुकान

सरकारी आयटीआयची फी माह्या बापानं तुरीच्या एका पोत्यात भरली, ते सोडा. एसटीचा पासही विद्यार्थ्याले तिसऱ्या हिश्शात मिळते. खरा खर्च वहीत होता. पेरणीत अन् संत्र्याच्या तोडीत मी नाई म्हणून बाहेरचा मजूर लावावा लागे, अन् 80 टक्के हजेरीच्या धाकानं मले बुडवता येत नसे. बाप रोज लिहून ठेवे. दोन वर्षांची बेरीज 41 हजार. पास झालो त्या दिवशी पेढे वाटले अन् वही माह्यासमोर ठेवली. रागानं नाई, सहज.

वर्गात एका मोटारीवर दहा पोट्टे. एकानं पाना धरायचा, नऊ जणांनी पाह्यचं. वाइंडिंग शिकलो ते रविवारी, वरुडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीजवळ. सहा महिने त्यानं जळालेलं तांबंच काढायले लावलं. छिन्नीनं कॉइलचं टोक कापायचं, वेढे मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी मोजायची, लिहायचं, मग बाकीचं उपटायचं. एकदा म्या 46 च्या जागी 40 वेढे लिहिले. वेढे कमी पडले का मोटार जास्त करंट ओढते. तासाभरात हात लावता येईना इतकी तापली. मिस्त्री शिवी देईन असं वाटलं. त्यानं फक्त छिन्नी माह्या हातात देली.

आता माहं पोट जळालेल्या मोटारींवरच हाय. रबीत रात्रीची लाइन असली का शेतकरी ऑटो स्विच लावून झोपते, लाइन आली का मोटार आपोआप सुरू. तीनातला एक फेज गेला का मोटार गुणगुणते अन् जळते. सकाळी दुकानासमोर बैलगाडी नाईतर टमटम उभी. हंगामात खर्च जाऊन महिन्याले 25 हजार सुटतात, पावसाळ्यात माशा मारतो. अन् आता सौर पंप. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं, म्हणजे तेवढं गिऱ्हाईक गेलंच.

चंद्रपूर जिल्हा, ठेकेदाराकडे

सरकारीच्या मेरिटला थोडक्यात हुकलो, म्हणून खाजगी आयटीआय. 70 हजार गेले, निम्मे कर्जाऊ. तिथल्या पॅनलवरचं प्लास्टिक परीक्षेच्या आठवड्यातच निघालं. मग औष्णिक केंद्रात वर्षभर अ‍ॅप्रेंटिस. स्टायपेंड सात हजारांच्या आसपास, त्यातले 2500 खोलीला. वर्ष संपलं आणि परत गावी. आता 14 हजारांवर आहे. कर्ज मागच्या दिवाळीत फिटलं.

यवतमाळ जिल्हा, सध्या बुटीबोरी

वीस जणांत आम्ही दोघी मुली. दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे मला बस स्टँडवर एका अनोळखी मुलीकडून कळलं. वर्गात कोणी बोललं नव्हतं. म्हणजे दहावीनंतर चार वर्षांत हातात दोन कागद. पण गणितानं पाणी पाजलं. आमच्या ट्रेडच्या गणितात इंटिग्रेशनचं नावही नव्हतं, इथं सगळ्यांनी ते पहिल्या वर्षातच उरकलेलं. दोन विषय राहिले, वर्ष लांबलं. आता कारखान्यात पॅनल वायरिंग करते, 19 हजार. डिप्लोमावाल्यांत माझा स्क्रूड्रायव्हर सगळ्यात नीट चालतो, हे मात्र ते आयटीआयचं देणं.

बुलढाणा जिल्हा, वीज कंपनीत

फीपेक्षा वाट पाहणं महाग पडलं. जाहिरात निघायची चार वर्षं वाट पाहिली, तोवर गावात हाउस वायरिंग केलं. विद्युत सहाय्यक म्हणून लागलो तेव्हा तीन वर्षं मानधनावर काढली, मग पगार सुरू झाला. आता घर बांधलंय, तक्रार नाही. एकच लिहितो. लाइन बंद करून घेतली तरी दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावल्याशिवाय, म्हणजे तार जमिनीला जोडल्याशिवाय, तिला हात लावायचा नाही. कुणाचा जनरेटर उलटा करंट सोडेल, सांगता येत नाही. पुस्तकात हे एका ओळीत होतं. माझ्या उजव्या तळहातावर बोटभर आहे.

गोंदिया जिल्हा, वडील

पोरगा हाच ट्रेड करून पुण्याला कंपनीत लागला. दर महिन्याला पैसे येतात. घरचा फ्यूज उडाला की मी शेजारच्या गावातून माणूस बोलावतो, दोनशे रुपये घेतो तो.

धागा काढणारा

सगळं भावाला वाचून दाखवलं. वहीच्या ठिकाणी तो थांबला, "41 हजार?" म्हणाला आणि पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ सुपारी कातरत बसला. शेवटी विचारलं ते एवढंच: तो वरुडचा म्हातारा अजून दुकानात बसतो का, आणि रविवारी पोरगं ठेवून घेईल का? मोर्शीवाल्या भाऊंनी कळवावं. अर्ज आम्ही आज भरला.