मदत हवी आहे: चवथीला अंगणात घरचं फूल हवं, काय लावू?

नमस्कार. आम्ही फोंड्याजवळ राहतो. माती लाल, जांभ्याची. गेल्या वर्षी जानेवारीत एका नर्सरीतून तीन बोगनवेली आणून गडग्याला लावल्या. तेव्हा पानं शोधावी लागतील इतका रंग होता आणि 'बारमाही फुलते' असं सांगून दिल्या होत्या. मृगाचा पाऊस पडला आणि सगळा रंग गळाला. जुलैत बघावं तर हातभर लांब कोंब, काळपट हिरवी मोठी पानं आणि काटे. दिवाळीनंतर पुन्हा रंग आला, तो अजून आहे. वेलीत काही दोष आहे का?

सासूबाईंना रोज देवाला फुलं लागतात. उन्हाळ्यात मोगरा आणि देवचाफा असतो, अबोलीही असते. पावसात मात्र तगर तेवढी टिकते, जास्वंदीच्या कळ्या झडीत कुजून गळतात. गेल्या चवथीला माटोळीसाठी (गणपतीच्या वर रानफळा-फुलांनी सजवून टांगतात ती चौकट) रानातून वाघनखी आणली, पूजेची फुलं बाजारातून. सकाळी सासूबाई परडी घेऊन अंगणात गेल्या आणि तशीच रिकामी परत आणून ठेवली. बोलल्या काही नाहीत, पण मला फार लागलं.

आणखी एक. अनंत फेब्रुवारीत छाटला होता. मे संपत आला तरी दोनच फुलं. असं का?

प्रतिसाद

ताई, वेल अगदी निरोगी आहे. बोगनवेल पाण्याचा ताण पडला की रंगते, पाणी भरपूर मिळालं की पानांवर जाते. तो रंग फुलाचा नव्हेच, पानांचा. खरं फूल म्हणजे मधली पांढरी बारीक नळी. पाऊस संपला की हलकी छाटणी करा, शेणखत आवरतं घ्या आणि पाणी माती सुकल्यावरच द्या.

अनंताच्या कळ्या आधीच्या फांद्यांवर धरतात, त्या फेब्रुवारीत कापल्या गेल्या. यापुढे बहर सरला की लगेच छाटा.

चवथीसाठी सोनटक्का लावा. पागोळ्या पडतात तिथली ओल त्याला मानवते, आणि तो श्रावण-भाद्रपदातच फुलतो. तेरड्याचं बी पहिल्या पावसात टाका, दोनेक महिन्यांत फुलं येतील. गुलबक्षीही चालेल, ती संध्याकाळी उमलते. प्राजक्ताला वेळ लागेल, पण रोप यंदाच लावून टाका. पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा बघा.

सोनटक्क्याचे कंद माझ्याकडे पुष्कळ आहेत. मृगाआधी येऊन न्या, चांगले जाडजूड काढून ठेवतो.