मदत हवी आहे : लाइन परत आल्यावर स्लर्मचे दोन नोड रुसतात आणि जुपिटरहबची सत्रे सुरू होत नाहीत

पऱ्हाटी (धागाकर्ता) :

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कृषी महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. प्रयोगशाळेतून बाद ठरलेले सहा डेस्कटॉप, प्रत्येकी 16 जीबी मेमरीचे, एकत्र जोडून आम्ही एक लहानसे क्लस्टर (मिळून काम करणाऱ्या संगणकांचा गट; त्यातला प्रत्येक संगणक म्हणजे नोड) उभे केले आहे. सातवा संगणक हेड नोड असून स्लर्मचा (कामे रांगेत लावून नोडना वाटणाऱ्या प्रणालीचा) नियंत्रक, सर्वांच्या होम फोल्डरची एनएफएस (नेटवर्कवरून फाइलींची) वाटणी आणि जुपिटरहब (ब्राउझरमध्ये नोटबुक, म्हणजे कोड लिहून चालवण्याचे पान, देणारी सेवा) ही तिन्ही कामे तोच करतो. सर्वत्र डेबियन 12 आहे. विद्यार्थी आपापल्या गावाहून, बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून, ब्राउझरमध्ये लॉगिन करतात. हब बॅचस्पॉनर या आपल्या जोड-प्रोग्राममार्फत स्लर्मच्या रांगेत एक जॉब टाकतो आणि त्या जॉबच्या पोटात त्या विद्यार्थ्याचा नोटबुक सर्व्हर एखाद्या नोडवर सुरू होतो. सध्याचे मुख्य काम म्हणजे कपाशीच्या बोंडांच्या छायाचित्रांवरून गुलाबी बोंडअळी ओळखणारे मॉडेल शिकवणे.

या जोडणीत बहुतेकांना लागते ती पहिली ठेच मलाही लागली होती. हब स्वतःचा अंतर्गत पत्ता 127.0.0.1 धरून बसतो, त्यामुळे दुसऱ्या संगणकावर सुरू झालेला नोटबुक सर्व्हर 8081 पोर्टसाठी स्वतःच्याच दारावर थाप मारत राहतो. हब आयपी म्हणून हेड नोडचा आतल्या नेटवर्कमधला पत्ता दिल्यावर ते सुटले आणि वीज असेपर्यंत सर्व काही सुरळीत चालते.

अडचण लाइन गेल्यावरची आहे. हेड नोडला यूपीएस आहे, सहा नोडना नाही. लाइन परत आली की सहाही नोड आपोआप सुरू होतात, परंतु स्लर्मची ‘एसइन्फो’ ही आज्ञा त्यांना ‘डाउन’ दाखवते, कारण म्हणून नोड अनपेक्षितपणे रीबूट झाल्याचे सांगते, आणि लॉगिन करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हबचे चक्र फिरून 60 सेकंदांनी सत्र सुरू न झाल्याचा संदेश येतो. मी ‘एसकंट्रोल’ने सर्व नोड ‘रिझ्यूम’ करतो, म्हणजे पुन्हा कामावर घेतो. चार नोड लगेच कामाला लागतात. तिसरा आणि पाचवा मात्र ‘आयडल’ (मोकळे) होतात, पण पुढे न प्रतिसाद देणाऱ्या नोडला लागतो तो तारा असतो, आणि पाच-सात मिनिटांत ते पुन्हा ‘डाउन’मध्ये जातात. त्यांना पिंग जाते, एसएसएच होते, त्यांच्यावरचा स्लर्मडी (नोडवर चालणारा स्लर्मचा प्रोग्राम) चालू असल्याचे सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) सांगते.

वैतागून मी मंज (सामाईक किल्लीने संगणकांची एकमेकांना ओळख पटवणारी सेवा), स्लर्म आणि हब असे सगळेच रीस्टार्ट करतो, तेव्हा चांगल्या चार नोडवर नुकतीच बसलेली मुलेही बाहेर फेकली जातात. आणि तास-दीड तासाने, मी काहीही केलेले नसताना, तोच ‘रिझ्यूम’ त्या दोघांवर पहिल्या फटक्यात चालतो.

मंजची किल्ली सातही संगणकांवर एकच आहे, हे चेकसम काढून पाहिले. तिची परवानगी 0400 आहे. स्लर्मची कॉन्फिग फाइल सगळीकडे सारखी आहे. केबल आणि स्विचची पोर्टे अदलाबदल करून झाली. माझे प्रश्न दोन आहेत : हे दोनच नोड तासभर का रुसतात, आणि हब रीस्टार्ट केल्यावर चालू सत्रे वाचवता येतात का?

उंबरठा :

डीएचसीपी (संगणकांना पत्ते आपोआप वाटणारी सोय) आहे का? राउटर उशिरा उठत असेल आणि दोन नोडना तोवर भलताच पत्ता मिळत असेल.

पऱ्हाटी :

नाही. पत्ते कायमचे ठरवून दिलेले आहेत आणि नावे सातही संगणकांच्या होस्ट्स फाइलमध्ये लिहिलेली आहेत.

कोरडवाहू :

भाऊ, तास-दीड तासाने तुमच्याकडे दुसरे काय परत येते, हे आधी पाहा. आमच्याकडे लाइन आधी येते आणि इंटरनेट नंतर, कारण फायबर ज्या खोक्यातून येते तिथली बॅटरी केव्हाच बसलेली असते. पुढच्या वेळी काहीही रीस्टार्ट करण्याआधी हेड नोडवर मंजचे एक क्रेडेन्शियल (ओळखपत्र) तयार करा आणि ते एसएसएचच्या पाइपमधून तिसऱ्या नोडवरच्या ‘अनमंज’ला, म्हणजे ते तपासणाऱ्या आज्ञेला, द्या. त्याच्या उत्तराची पहिली ओळ इथे लिहा. सोबत त्या नोडवर ‘डेट’ काय सांगते, तेही.

पऱ्हाटी :

काल दुपारी लाइन गेली, त्यामुळे फार थांबावे लागले नाही. पहिली ओळ : ‘स्टेटस : रिवाउंड क्रेडेन्शियल’, पुढे 16. पाचव्या नोडवरही तेच. हेड नोडच्या नियंत्रकाच्या लॉगमध्ये मात्र याच दोन नोडसाठी ‘एक्स्पायर्ड क्रेडेन्शियल’ अशा ओळींची रांग लागली आहे. ‘डेट’ने दोन्हीकडे काही वर्षांपूर्वीची, आणि दोन्हीकडे एकच, तारीख दाखवली. इंटरनेट खरोखरच सव्वा तासाने आले.

कोरडवाहू :

मग निदान झाले. त्या दोन मदरबोर्डांवरचे नाण्याएवढे सीआर 2032 सेल संपले आहेत. वीज गेली की त्यांचे घड्याळ मागे जाते. सिस्टमडी घड्याळाला स्वतःच्या बांधणीच्या तारखेच्या मागे राहू देत नाही, म्हणून दोन्हीकडे तीच विचित्र तारीख दिसली.

मंज प्रत्येक क्रेडेन्शियलवर ते तयार झाल्याची वेळ घालते आणि मुळात त्याची मुदत 300 सेकंद असते. नोडने मागच्या घड्याळाने बनवलेले क्रेडेन्शियल हेड नोडला मुदत उलटलेले दिसते, म्हणून तिकडे ‘एक्स्पायर्ड’. हेड नोडने बनवलेले नोडला भविष्यातून आलेले दिसते, म्हणून इकडे ‘रिवाउंड’. कोणाचे घड्याळ मागे आहे, हे या दोन शब्दांवरूनच कळते. किल्ली जुळत असूनही दोघांचा एकमेकांवर विश्वास बसत नाही. स्लर्म आणि मंज दोन्ही लॉरेन्स लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेतून आले आहेत. संपलेल्या सेलचा विचार तिथे कोणाला करावा लागला नसेल.

सेल आजच बदला, तालुक्याच्या कोणत्याही घड्याळजीकडे मिळतो. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण उरलेल्या चारांचे सेलही त्याच वयाचे आहेत. हेड नोड यूपीएसवर असल्यामुळे त्याचे घड्याळ शाबूत राहते. त्यालाच घरचा वेळ-सर्व्हर करा. त्याच्या क्रोनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये ‘लोकल स्ट्रॅटम 10’ आणि तुमच्या आतल्या नेटवर्कसाठी ‘अलाउ’ या दोन ओळी टाका; पहिल्या ओळीमुळे इंटरनेट नसतानाही तो वेळ देत राहतो. नोडवर डेबियनच्या पूलची (इंटरनेटवरच्या वेळ-सर्व्हरांची) ओळ काढून सर्व्हर म्हणून हेड नोडचे नाव ‘आयबर्स्ट’सह द्या. ‘मेकस्टेप 1 3’ ही ओळ असू द्या, ती नसेल तर क्रोनी काही वर्षांचा फरक हळूहळू भरत बसेल. शिवाय नोडवरच्या स्लर्मडीच्या सेवेला ओव्हरराइड लिहून, तो सुरू होण्याआधी ‘क्रोनीसी वेटसिंक’ (घड्याळ जुळेपर्यंत थांबणारी आज्ञा) चालेल असे करा.

‘रिझ्यूम’चा रोजचा उपद्व्यापही थांबवता येतो. स्लर्मच्या फाइलमध्ये ‘रिटर्न टू सर्व्हिस’ बहुधा 0 किंवा 1 असेल. ते 2 करा. मग योग्य कॉन्फिगसह पुन्हा नोंदणी करणारा नोड, तो कोणत्याही कारणाने ‘डाउन’ झालेला असो, आपोआप कामावर येतो.

सावली :

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. जुपिटरहब बंद होताना मुळात सर्वांची सत्रेही बंद करतो. ‘क्लीनअप सर्व्हर्स’ आणि ‘क्लीनअप प्रॉक्सी’ या दोन्ही सेटिंगना ‘फॉल्स’ द्या. प्रॉक्सी (ब्राउझर आणि नोटबुक यांच्यामधला दुवा) हबचे अपत्य म्हणून चालू देऊ नका. ती वेगळी सिस्टमडी सेवा करा, हबमध्ये प्रॉक्सीचे ‘शुड स्टार्ट’ही ‘फॉल्स’ करा आणि दोघांना एकच टोकन द्या. मग हब रीस्टार्ट होत असतानाही मुलांचे नोटबुक चालू राहते. बॅचस्पॉनर जॉबचा क्रमांक हबच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे परत उठलेल्या हबला आपली सत्रे सापडतात. ‘स्टार्ट टाइमआउट’ 60 वरून 300 सेकंद करा; जॉब रांगेत थांबणाऱ्या ठिकाणी एक मिनिट पुरत नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही. नोड मेला की स्लर्म बॅच जॉब मुळात पुन्हा रांगेत लावतो, आणि मालक निघून गेलेली नोटबुक सत्रे लाइन आल्यावर पुन्हा मेमरी अडवून बसतात. बॅचस्पॉनरच्या ‘रेक ऑप्शन्स’मध्ये ‘नो रिक्यू’ द्या. बोंडअळीच्या मॉडेलचे लांब प्रशिक्षण मात्र नोटबुकमध्ये चालवूच नये. ब्राउझर तुटला की पडद्यावरचे आउटपुटही हरवते. ते प्रशिक्षण ‘एसबॅच’ने थेट स्लर्मच्या रांगेत टाका, तिथे रिक्यू राहू द्या आणि प्रत्येक इपॉकनंतर (सर्व छायाचित्रांवरच्या एका फेरीनंतर) चेकपॉइंट, म्हणजे तोवर शिकलेले मॉडेल, जतन करा.

पऱ्हाटी :

दोघांचेही मनापासून आभार. सहाही सेल बदलले. जुन्यांपैकी दोन मल्टिमीटरवर 1 व्होल्टच्याही खाली भरले, जिथे 3 असायला हवे होते. क्रोनीच्या ओळी टाकल्यावर खात्री करण्यासाठी तिसऱ्या नोडचा नवा सेल मुद्दाम काढून ठेवला आणि मुख्य बटण बंद करून सुरू केले. इंटरनेटची तारही काढली होती. चौथ्या मिनिटाला तो स्वतःहून ‘आयडल’ झाला, तारा नाही.

जुने सत्र रांगेत पुन्हा उभे राहण्याचा प्रकार आमच्याकडेही होत होता, हे ‘एसअकाउंट’ (स्लर्मची जॉबांची नोंद) पाहिल्यावर कळले. मी तोपर्यंत लॉगआउट करत नाहीत म्हणून विद्यार्थ्यांनाच बोल लावत होतो. प्रॉक्सी वेगळी करण्याचे काम रविवारी, कोणी बसलेले नसताना करणार आहे. टोकनची जुळणी अडली तर याच धाग्यावर लिहीन.