गणपतीच्या लायटिंगचा शो कशावर चालवायचा?

राम राम, अमळनेरहून. मंडळाच्या कमानीला पिक्सेल एलईडी (प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो असे) लावतोय, गाण्यावर चालणारे, सिक्वेन्स म्हणजे कोणता दिवा कधी लागणार ते, एक्सलाइट्स या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये तयार आहे पण रोज ७ ते १० आपोआप चालायला लॅपटॉप ठेवू का रास्पबेरी पाय (छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर)?

– लॅपटॉप नको भाऊ, ऐन आरतीत अपडेट सुरू व्हायचं. पायवर फाल्कन प्लेअर (लाइट शो चालवणारं सॉफ्टवेअर) टाक, एफसेक फाइल (एक्सलाइट्समधून निघणारी सिक्वेन्सची फाइल) आन गाणं चढव, प्लेलिस्ट बनव, शेड्युलरमध्ये वेळ दे, झालं.

– पण आपल्याकडे लाइट जाते ना! नेट नसलं की पायचं घड्याळ चुकतं आन शो भलत्याच वेळी. डीएस३२३१ मोड्यूल (लाइट गेली तरी सेलवर चालणारं घड्याळ) सेल टाकून लाव. पाय ५ ला घड्याळ आतच आहे, सेल तेवढा वेगळा घ्यायचा.

– शेड्युलमध्ये हार्ड स्टॉप (वेळ झाली की लगेच बंद) ठेवजो, ग्रेसफुल ठेवला तर चालू गाणं पूर्ण वाजतं, १० नंतर स्पीकर म्हणजे पोलीस हजर.