शर्ट आम्ही शिवतो, किंमत मात्र नावाला मिळते : कपड्यांचा ब्रँड नेमका उभा कसा राहतो?

गांधीबागचा कारखानदार

सर्वांना नमस्कार. नागपुरात आमचा शर्ट शिवण्याचा लहान कारखाना आहे. गांधीबागेतील ठोक व्यापारी कापडाचे ताके पाठवतात. कटिंगपासून काज-बटण, इस्त्री आणि पॅकिंगपर्यंतचे सारे काम आमच्याकडे होते आणि लेबल व्यापाऱ्याचे लागते. आमचा शर्ट धरमपेठेतल्या शोरूममधील शर्टाशेजारी ठेवला, तर टाक्यात किंवा कॉलरच्या बसणीत फरक काढणे जाणकारालाही कठीण जाईल, असे मी जबाबदारीने सांगू शकतो. तरीही तो शर्ट आमच्या शर्टाच्या तिप्पट-चौपट भावाने विकला जातो. मोठ्या कंपन्या ब्रँड उभारतात म्हणजे नेमके काय करतात, सगळा खेळ जाहिरातीच्या पैशाचाच असतो का, आणि आमच्यासारख्याने स्वतःचे नाव लावायचे ठरवल्यास सुरुवात कुठून करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

ताका आणि टाका

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे मागे जाऊन उत्तर देतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली आपल्या नागपुरात सुरू झाली, तेव्हापासून पुढची कित्येक दशके गिरण्या सूत आणि कापड विकत राहिल्या, पण ते अंगावर घालणारा माणूस कोण आहे हे दुकानदाराला आणि शिंप्यालाच ठाऊक असे. रेडिमेड कपडे आले आणि हे ज्ञान कंपन्यांनी स्वतःकडे घेतले. अरविंदने १९८० मध्ये फ्लाइंग मशीन ही जीन्स आणली. १९२५ पासून कापडासाठी ओळखल्या जाणाऱ्या रेमंडने १९८६ मध्ये पार्क अव्हेन्यू आणले.

माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मदुरा कंपनीचे आहे. तिने १९८९ मध्ये लुई फिलिप, त्यानंतर व्हॅन ह्यूसन, १९९३ मध्ये अ‍ॅलन सोली आणि १९९७ मध्ये पीटर इंग्लंड बाजारात आणले. नावे परदेशी असली, तरी भारतीय ग्राहकाच्या मनातली त्यांची ओळख इथेच घडवली गेली. कापड, यंत्रे आणि शिलाईचे कौशल्य यांत फार मोठे अंतर नसतानाही प्रत्येक नावाला वेगळा माणूस नेमून दिला होता : लुई फिलिप वरिष्ठ अधिकाऱ्यासाठी, पीटर इंग्लंड नुकत्याच नोकरीला लागलेल्या आणि खिशाचा विचार करणाऱ्या तरुणासाठी. अ‍ॅलन सोलीने तर शुक्रवारी कचेरीत थोडे मोकळे, रंगीत कपडे घालायला हरकत नाही, ही कल्पनाच रुजवली आणि त्या कल्पनेसोबत आपले शर्ट विकले. नावे वेगळी ठेवल्याचा मोठा फायदा असा, की स्वस्त नावाची किंमत उतरवली तरी महागड्या नावाचा मान कमी होत नाही. पुढे ही कंपनी आदित्य बिर्ला समूहाकडे गेली, पण ग्राहक हलला नाही, कारण त्याचे नाते मालकाशी नव्हतेच.

जाहिरात माणसाला पहिल्यांदा दुकानात आणते. दुसऱ्यांदा त्याला माप आणते. एकदा ४० नंबरचा शर्ट खांद्यावर नीट बसला, की पुढच्या वर्षी तो ४० नंबर ट्रायल न घेता उचलता आला पाहिजे. जॉबवर्कमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या लेबलाचा माल शिवून देण्याच्या कामात, प्रत्येक व्यापाऱ्याचा फर्मा (कापड कापण्याचा मापाचा नमुना) निराळा असतो, त्यामुळे आपल्याकडे हात कसबी असूनही स्वतःचे असे माप तयार होत नाही. शोरूममधल्या शर्टात आणि आपल्या शर्टात मला हा एक फरक नक्की दिसतो.

इतवारी ठोक

वरील विवेचन पटते, परंतु पैशाची बाजू राहून गेली आहे. जॉबवर्कमध्ये न विकलेल्या मालाचा भार व्यापारी वाहतो. स्वतःचे नाव लावले की तो भार आपल्यावर येतो. मधल्या साइज आधी खपतात, ३८ आणि ४४ उरतात, आणि हा कट साइजचा माल दुकानदार हंगाम संपताच परत पाठवतो. मग तो सवलतीत काढावा लागतो, आणि दर हंगामात सवलत मिळू लागली की ग्राहक मूळ किमतीला हात लावत नाही. म्हणूनच टाटांच्या ट्रेंटने वेस्टसाइड आणि नंतर झुडिओमध्ये प्रामुख्याने स्वतःचीच नावे स्वतःच्याच दुकानांत विकण्याचा मार्ग धरला, जेणेकरून किंमत आणि साठा दोन्ही आपल्या हातात राहतात. केवळ पैसा ओतून नाव टिकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे : अमेरिकेतील व्हीएफ कॉर्पोरेशनने २०२० मध्ये सुप्रीम हा कपड्यांचा ब्रँड दोन अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतला आणि २०२४ मध्ये दीड अब्जाला विकून टाकला. माझा आग्रह असा, की जॉबवर्क चालू ठेवावे आणि त्याच्या नफ्यातूनच नाव वाढवावे. कर्ज काढून नव्हे.

सीताबर्डी वकील

थोडक्यात कायद्याचे सांगतो. कपड्यांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग २५ आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नाव छापण्याआधी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. ‘नागपूर कॉटन’सारखे केवळ मालाचे वर्णन करणारे नाव नोंदवून घेणे अवघड जाते, म्हणून स्वतंत्र शब्द निवडावा. व्यापाऱ्याने दिलेले डिझाइन आपल्या लेबलाखाली विकू नये.

गांधीबागचा कारखानदार

सर्वांचे मनापासून आभार. विदर्भाच्या उन्हाळ्यात बँकेत, शाळेत, कोर्टात दिवसभर बसणाऱ्या माणसासाठी अर्ध्या बाह्यांचा, नीट कॉलरचा, शंभर टक्के सुती शर्ट हेच एक काम हाती घ्यावे, असे मनात आहे. जॉबवर्क अर्थातच सुरू राहील. यात काही धोका दिसतो का?

ताका आणि टाका

कल्पना उत्तम आहे, कारण त्यात ग्राहक कोण हे आधीच ठरलेले आहे. धोका सुती कापडाच्या आकसण्याचा आहे. प्रत्येक लॉटमधला तुकडा मोजून, धुऊन, वाळवून पुन्हा मोजावा आणि जितके आकसेल तितका फर्मा मोठा ठेवावा. कॉलरचे बकरमही (कॉलर ताठ ठेवणारे आतले कापड) कापडासोबतच धुऊन पाहावे, नाहीतर पहिल्याच धुलाईत कॉलरवर फुगे येतात. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन तापते, त्यामुळे माल फेब्रुवारीअखेर दुकानात पोहोचला पाहिजे. कापडाची मागणी दिवाळीच्या सुमारास नोंदवून ठेवावी आणि पहिल्या वर्षी पांढरा, फिका निळा आणि बारीक रेघांचा एवढेच नमुने काढावेत.