डेबोरा बॉल यांचे अध्यापक-शिक्षणातील काम : वाचनाचा आरंभ कोठून करावा?

पाटीपेन्सिल
मी एका अध्यापक विद्यालयात गणिताचे अध्यापनशास्त्र शिकवते. त्यापूर्वी नऊ वर्षे प्राथमिक शाळेत होते. आता मुलांशी संबंध उरला आहे तो छात्राध्यापकांच्या पाठनिरीक्षणापुरता. पीएच.डी.चा विषय ठरवण्याआधी मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापिका डेबोरा बॉल यांचे लेखन वाचावे, असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे. आरंभ कोठून करावा आणि त्यातले काय आपल्या वर्गात नेता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अपूर्णांक
१९८९-९० या शैक्षणिक वर्षापासून करावा. मुळात प्राथमिक शिक्षिका असलेल्या बॉल यांनी १९८८ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि तेथे प्राध्यापकी करतानाही त्या जवळच्या शाळेत तिसरीच्या मुलांना रोज गणित शिकवत राहिल्या. त्या वर्षातील तासांची चित्रमुद्रणे आणि मुलांच्या वह्या जपून ठेवल्या गेल्या. तेच त्यांच्या संशोधनाचे साहित्य झाले. त्यातल्या एका तासाला एक मुलगा म्हणाला, की सहा ही संख्या सम आहे आणि विषमही आहे, कारण ती तीन दोनांची बनते. बाईंनी ‘चूक’ म्हणून विषय मिटवला नाही. वर्गात वाद झाला, व्याख्या तपासल्या गेल्या आणि दोनाच्या विषम पटीतील अशा संख्यांना त्या मुलाचेच नाव मिळाले. मुलाच्या म्हणण्यात गणिताच्या दृष्टीने खरे काय आहे आणि व्याख्या कोठे मोडते, हे उभ्या उभ्या ओळखावे लागते, व त्यासाठी लागणारे ज्ञान पदवीच्या गणितात शिकवले जात नाही, हाच त्यांच्या पुढील सगळ्या संशोधनाचा गाभा आहे, असे माझे मत आहे.

उसळगाव
यामागे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांची १९८६ मधील मांडणी आहे : विषय येणे वेगळे आणि तो शिकवता येण्याजोग्या रूपात येणे वेगळे. आपल्या बी.एड.मधील ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ हा विषय याच्या जवळचा आहे. मात्र तेथे बहुधा पाठ्यपुस्तकाच्या आशय-विश्लेषणावरच भर राहतो.
प्रयोगच करायचा असेल, तर बॉल यांनी भावी शिक्षकांना घातलेला प्रश्न आपल्या छात्राध्यापकांना घालून पाहावा : पावणेदोन भागिले अर्धा, यासाठी शाब्दिक उदाहरण तयार करा. पुष्कळ जण उत्तर साडेतीन काढतात, पण उदाहरण रचतात ते पावणेदोन भाकरी दोघांत वाटण्याचे, म्हणजे दोनाने भागण्याचे. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या किती बाटल्यांत मावेल, असे विचारले की भागाकाराचा अर्थ दिसतो. मराठीत ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘अर्धे करणे’ कानाला इतके जवळचे वाटतात, की हा गोंधळ आपल्याकडे कसा होतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल.

अपूर्णांक
एक भर घालतो. २००५ ते २०१६ या काळात मिशिगन विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाच्या अधिष्ठातापदी असतानाही बॉल उन्हाळी वर्गात मुलांना शिकवत आणि ते तास पाहायला शिक्षक समोर बसत.

पाटीपेन्सिल
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी आजवर शेकडो पाठांना गुण दिले, पण आमच्या निरीक्षण-तक्त्यात प्रस्तावना, फलकलेखन, शैक्षणिक साधने यांचे रकाने आहेत. मुलाने दिलेले उत्तर लिहायला जागाच नाही. येत्या आंतरवासितेत तो रकाना मी स्वतः आखून घेईन आणि आठवड्यातून दोन तास शेजारच्या शाळेत चौथीला अपूर्णांक शिकवण्याची परवानगी मागेन.