कॅम्पसवरची हिरवाई बघून विद्यार्थी काही शिकतात का?

रानहळद (धागाकर्ती)

गच्चीवर सोलर, मागच्या बाजूला खतखड्डा, जुलैत वृक्षारोपण, प्रवेशद्वारापाशी 'प्लास्टिकमुक्त परिसर' अशी पाटी. एवढं केलं की विद्यार्थ्यांची पर्यावरणाची जाण आपोआप वाढते, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. ज्या कामाला विद्यार्थ्याचा हात लागत नाही आणि ज्याचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर येत नाही, त्यातून तो काही घेऊन जात नाही. चार वर्षं सोलरच्या छपराखाली राहिलेल्या मुलाला आपल्या मजल्याला रोज किती युनिट लागतात हे सांगता येत नसेल, तर छप्पर कॅम्पसचं झालं, जाण त्याची झाली नाही.

थोडी पार्श्वभूमी. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं आणि यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पदवीसाठी अभ्यासक्रम आणला. त्यात तेव्हा ५० तासिका होत्या, त्यांतल्या ५ क्षेत्रकामाच्या, आणि १०० पैकी २५ गुण क्षेत्रकामाला. आखणी चांगली होती. झालं असं की बऱ्याच ठिकाणी ते २५ गुण मागच्या बॅचची फाइल उतरवून मिळत. दुसरीकडे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, सातव्या निकषात हरित परिसर आणि ऊर्जा-पर्यावरण लेखापरीक्षण आलं. त्यामुळे सोय उभी राहिली की नाही हे तपासलं जातं, मुलं काय शिकली हे तपासलंच जात नाही. १९७७ च्या तिबिलिसी परिषदेने पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं ठरवली होती: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य, सहभाग. आपण पहिल्यावरच थांबलो आहोत.

करायचंच असेल तर मेसपासून सुरुवात करा. खर्च जवळजवळ नाही. ५० किलोचा टांगता डिजिटल काटा आणि तीन बादल्या. पहिली भाजी चिरताना निघालेल्या साली-देठांची, दुसरी पातेल्यात शिजून उरलेल्या अन्नाची, तिसरी ताटातल्या उष्ट्याची. रिकाम्या बादलीचं वजन आधी तिच्यावरच रंगवून ठेवा. जेवण संपलं की तिन्ही तोला, जेवलेल्यांच्या संख्येने भागा आणि फळ्यावर माणशी ग्रॅम लिहा, शेजारी कालचा आकडा. समजा ३०० जण जेवले आणि माणशी ६० ग्रॅम उष्टं पडलं, तर एका वेळचं १८ किलो.

यात चुकतं ते असं. मुलं ताटातच हात धुतात, पाणी बादलीत जातं आणि वजन फुगतं. म्हणून तिसऱ्या बादलीवर मोठी चाळणी हवी आणि तोलण्याआधी पाच मिनिटं निथळू द्यायला हवं. फीस्टच्या दिवशीचा आकडा वेगळा लिहायचा, रोजच्या सरासरीत मिसळायचा नाही. आणि तोलणारी मुलं आठवड्याने बदलायची, नाहीतर ते दोघा उत्साही मुलांचं काम होऊन बसतं.

मीटरवाचक

असहमत. तुम्ही गाडीच्या पुढे बैलांऐवजी फळा बांधताय.

वसतिगृहात ३०० पंखे आहेत असं धरा. जुना पंखा पूर्ण वेगाला साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास चालले तर आधी २७० युनिट, नंतर १०८. रोजचे १६२ युनिट वाचले, आणि एकाही मुलाची जाण वाढवावी लागली नाही. महाराष्ट्रात एक किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. म्हणजे नुसते पंखे बदलून ४० किलोवॉटच्या पॅनलएवढं काम झालं. 'खोलीतून जाताना पंखा बंद करा' हे स्टिकर लावून एवढी बचत कुठल्याही वसतिगृहात होणार नाही.

(पंखे घेताना एक सांभाळा. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाकावा लागतो, त्यातून बीएलडीसी नीट चालत नाही. आणि निव्वळ रिमोटवर चालणारा पंखा होस्टेलला घेऊ नका, रिमोट महिनाभरात हरवतात.)

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातात, दरवर्षी एप्रिल-मे मध्ये परीक्षा आणि सुट्टी. त्यांच्या हातांवर उभी केलेली कुठलीही व्यवस्था मे महिन्यात कोसळते. पर्यावरणाला फरक पडतो तो पाइप, मीटर, मोटर, पंखा यांच्यामुळे. संस्थेने आपलं काम चोख करावं. त्यातून कोणी शिकलं तर चांगलंच, पण शिकवण्यासाठी म्हणून व्यवस्था कच्ची ठेवू नये.

आणि जाण वाढली हे तुम्ही मोजणार कसं? प्रश्नावली वाटली की जवळजवळ सगळे 'पर्यावरण महत्त्वाचं आहे' यापुढे पूर्ण सहमत अशी खूण करतात, उपक्रमाआधीही आणि नंतरही. तुमच्या फळ्याचंही तसंच. कोणीतरी तोलतंय म्हटल्यावर आठवडाभर ताटं स्वच्छ होतील, मग पुन्हा होती तशी.

बहावा

सुट्टीच्या मुद्द्यावर मीटरवाचक यांच्याशी सहमत, कारण झाडांच्या बाबतीत नेमकं तेच होतं.

रासेयोचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाला १२० तास असतात, त्यांतले बरेचसे जुलैतल्या खड्ड्यांवर खर्च होतात. २०० रोपं लावली. पाऊस संपला. फेब्रुवारीपासून जून उजाडेपर्यंत दर रोपाला आठवड्यातून दोनदा १० लिटर पाणी द्यायचं तर आठवड्याला ४,००० लिटर, १८ आठवड्यांत ७२,००० लिटर. म्हणजे १० हजार लिटरचे सातहून जास्त टँकर. हा हिशोब वृक्षारोपणाच्या आधी मांडलेला मी फारसा पाहत नाही. मग पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यात नवं रोप जातं आणि मुलांना एवढंच कळतं की झाड लावणं म्हणजे फोटो काढायचा दिवस.

रोप मरण्याची दुसरी कारणंही तितकीच साधी. काळी पिशवी न काढता किंवा नुसती खालून फाडून लावलेलं रोप: मुळं पिशवीत गोल फिरत राहतात, दोन वर्षांनी वाऱ्याने झाड मुळासकट आडवं होतं. मुरमाड जमिनीत फूटभराचा खड्डा: दोन बाय दोन बाय दोन फूट हवा, तळाला चांगली माती आणि कुजलेलं खत. आळ्यात आच्छादन नाही: तीन-चार इंच पालापाचोळा असला तर पाणी निम्म्या वेळा दिलं तरी भागतं, फक्त तो खोडाला टेकवायचा नाही, खोड कुजतं.

पण निष्कर्षाशी असहमत. माळ्यावर सोपवलं तर झाडं जगतील, मुलांना झाड कळणार नाही. आकडा बदला म्हणजे झालं. लावलेल्या रोपांची संख्या कुठेच लिहू नका, दुसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेली तेवढी लिहा. आणि २०० ऐवजी ४० लावा: उंबर, करंज, कांचन, पळस, अर्जुन, पाणी असेल तिथे जांभूळ. झटपट हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावले की परिसर हिरवा दिसतो, पण उंबराखाली एका सकाळी जे पक्षी, माश्या, खारी दिसतात ते त्या झाडांखाली दिसत नाहीत. यूजीसीच्या त्या क्षेत्रकामात परिसरातल्या वनस्पती, कीटक, पक्षी यांचा अभ्यास लिहिलेला होताच. क्षेत्रकामाच्या तासिका एकाच उंबराखाली, पण वर्षभर विखरून घ्या.

घंटागाडी

वरच्या तिन्ही प्रतिसादांत एक माणूस कुठेच नाही. ती तिसरी बादली उचलतं कोण?

मेसमधल्या मावशी आणि सफाई कामगार यांना कॅम्पसच्या कचऱ्याचं जे ज्ञान असतं ते कुठल्याही लेखापरीक्षणात नसतं. कोणत्या मजल्यावरून ओल्यात सुका येतो, कोणत्या दिवशी भात जास्त उरतो, हे त्यांना तोंडपाठ असतं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरानिर्माते ठरवलं आणि वर्गीकरण उगमापाशीच करायला सांगितलं. उगम म्हणजे खोलीतला डबा. प्रत्यक्षात तीन रंगांचे डबे व्हरांड्यात असतात, मुलं हाताला येईल त्यात टाकतात आणि वर्गीकरण मावशी हाताने करतात. त्या मुलांना 'इथे कचरा वेगळा होतो' एवढंच दिसतं. हे उलटं शिक्षण झालं.

पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने लाल ठिपक्याची मोहीम चालवली. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणाऱ्या हाताला न उघडता कळतं. यंत्र नाही, खर्च नाही. मुलींच्या वसतिगृहात हे सुरू करायला वर्तमानपत्राचे चौकोनी कापलेले कागद आणि दोऱ्याला बांधलेला लाल मार्कर पुरतो. आपला कचरा कोणाच्या तरी हातात जातो, ही जाण त्या ठिपक्यात आहे. ती पॅनल बसवून येत नाही, तोलूनही येत नाही.

रानहळद

घंटागाडी, मुद्दा मान्य. तोलणाऱ्या मुलांनी तिसरी बादली खतखड्ड्यापर्यंत स्वतः न्यावी आणि रिकामी करून धुऊन ठेवावी. हे माझ्या लिहिण्यातून सुटलं होतं, सुटायला नको होतं.

त्यावरूनच खताबद्दल. '२४ तासांत खत' देणारी यंत्रं कॅम्पसवर फार आली आहेत. त्यातली बरीचशी अन्न तापवून वाळवतात. जे बाहेर येतं ते वाळलेलं अन्न. कुंडीत घालून पाणी दिलं की ते पुन्हा कुजतं, वास येतो, रोप पिवळं पडतं. ते आणखी दोन-तीन आठवडे मुरवावं लागतं, आणि मुलांना मात्र बटण दाबलं की खत होतं एवढंच समजतं.

साधा ढीग जास्त शिकवतो, कारण तो बिघडतो आणि का बिघडला हे सांगतो. शिजलेल्या अन्नात नत्र (नायट्रोजन) जास्त, पाणी जास्त. एक बादली अन्नाला दोन ते तीन बादल्या कोरडा पालापाचोळा हवा, म्हणजे कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण २५ ते ३० च्या आसपास येतं. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला. सडक्या अंड्यांचा वास आला तर हवा कमी पडली, ढीग उलटा. मूठभर घेऊन दाबा: बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर भुसा घाला. ढीग चांगला चालला की आत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो, हात आत ठेववत नाही. दर तीन-चार दिवसांनी उलटला तर दीड-दोन महिन्यांत खत. सगळ्यात जास्त फसतं ते जुलैत. पानगळ फेब्रुवारी-मार्चची, तेव्हाचा पाला लोक जाळतात किंवा फेकून देतात आणि पावसाळ्यात ढिगाला कोरडं काहीच उरत नाही. तेव्हाच पोत्यांत भरून छपराखाली ठेवायला हवा. वर्षाचं चक्र असं हाताला कळतं, मीटरवाचक. पंख्यातून नाही कळत.

मीटरवाचक

ढिगाचं पटलं. पण मोजण्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, म्हणून मीच सुचवतो. पहिले दोन आठवडे फळा न लावता गुपचूप तोला. मग सहा आठवडे फळा. मग फळा काढा आणि आणखी दोन आठवडे पुन्हा गुपचूप तोला. शेवटचा आकडा पहिल्यापेक्षा स्पष्ट कमी राहिला तर मुलं काही शिकली असं मी मानेन. पहिल्याइतकाच झाला तर फळ्याने फक्त पहारा केला. शेजारच्या मेसमध्ये याच दहा आठवड्यांत फळ्याशिवाय तोला, म्हणजे परीक्षा किंवा ऋतू यांमुळे पडलेला फरक वेगळा काढता येईल.

दुसरी अट. फळ्यावर तिसऱ्या बादलीचा आकडा एकटा नको, दुसरीचाही हवा. शुक्रवारी संध्याकाळी निम्मी मुलं घरी जातात आणि कंत्राटदार पूर्ण पटावर भात शिजवतो. उरलेला भात पातेल्यातून जातो आणि भिंतीवर पाटी मात्र 'अन्न वाया घालवू नका' अशी मुलांना उद्देशून. हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. दुपारी ४ पर्यंत रात्रीच्या जेवणाची हजेरी घेतली तर दुसरी बादली हलकी होते. याला जाणीव लागत नाही, वही लागते.

रानहळद

दोन्ही अटी मान्य. मात्र ती वही मुलांनी ठेवावी. भात कुठे वाया जातोय हे स्वतः शोधून काढून मेस समितीपुढे आकड्यांसह मांडणं, हेच तिबिलिसीतलं कौशल्य आणि सहभाग. वाढप्याच्या हातातला डाव केवढा, पोळी अर्धी मागता येते का, हेही त्याच वहीतून निघतं. ताटातला भात पुष्कळदा मुलाच्या बेफिकिरीपेक्षा मोठ्या डावामुळे उरतो.

बहावा

मे महिन्याचं राहिलंच. सुट्टीत कॅम्पसवर राहणारे असतातच: पीएचडीचे विद्यार्थी, प्रयोगशाळेतले सहायक, माळी. मार्चअखेर ४० रोपांच्या चार याद्या करून त्यांच्याकडे सोपवा, प्रत्येक यादीवर आळ्याचा क्रमांक आणि पाण्याचे वार. जूनमध्ये मुलं आली की त्याच याद्या घेऊन मोजणी करायची, मेलेल्या रोपापुढे कारण लिहायचं: पाणी, वाळवी, गाय, खोड कुजणं. 'मेलं' एवढंच लिहिलेली यादी परत पाठवा.

मीटरवाचक

तसंच मजल्यांचं. सोलरचा एकूण आकडा लॉबीतल्या स्क्रीनवर फिरत राहतो, कोणी थांबून बघत नाही. प्रत्येक मजल्याला सबमीटर बसवा आणि आठवड्याचे युनिट जिन्यापाशी खडूने लिहा, त्या आठवड्यात राहिलेल्या माणसांच्या संख्येने भागून. वरचा मजला नेहमी जास्त दाखवेल, कारण गच्ची तापते आणि पंखे जास्त वेळ चालतात, म्हणून मजल्यांची आपसात स्पर्धा लावू नका. प्रत्येक मजल्याची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी. रीडिंग गुरुवारी सकाळी ७ ला घ्या. रविवारी रात्री घेतलं तर कोण घरून परतलं आणि कोण नाही याचा घोळ होतो, आणि माणशी आकडा चुकतो.